उजनीतली भरती

आमच्या सोलापुरात नळाला चार दिवसांआड पाणी येतं. भाईकाकांकडे मात्र दिवसातून दोनदा भरती येते.

भाईकाका आमचे शेजारी, पोस्टातून निवृत्त झालेले. मूळचे कोकणातल्या खाडीकाठच्या गावचे. नोकरीसाठी तरुणपणी इकडे आले आणि मोहोळची बायको करून इथेच राहिले. तरी रोज सकाळी कॅलेंडरपुढे उभं राहून ते तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर सहा. म्हणजे सहा वाजता त्यांच्या गावच्या खाडीला पूर्ण भरती. पुढचा सगळा दिवस त्या हिशोबाने. कुणी सत्यनारायणाला बोलावलं तर म्हणणार, "ओहोटी लागली की येतो." पौर्णिमेला उधाण, म्हणून त्या दिवशी बँकेत जायचं नाही. अष्टमीला पाणी सुस्त, म्हणून काकाही सुस्त.

"ह्यांची भरती आली की माज्या चपात्या बी थांबत्यात," काकू म्हणतात. "लगीन माज्याशी केलंय का खाडीशी, इचारा की जरा!"

चैत्र सरत आला की काका गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, निघतात. टेंभुर्णीची एसटी, पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून उजनी धरणाचा काठ. हातात बोटाएवढ्या जाडीची काडी, तिला केसासारखा दोरा. जाड दोरा वापरणाऱ्याला ते माणसात धरत नाहीत. "मासो ओढूचो नसता रे झिला, ऐकूचो असता. जाड दोऱ्यातून ऐकाक येणा नाय."

गळ पाण्यात पडणार तोही गावच्या भरतीच्या वेळेलाच. जाळीवाले हसतात. "ओ काका, हितं कसली भरती? कालवा सोडला की पानी उतरतंय, बास!"

काका घड्याळ बघतात. "थांब. चढता हा."

आणि एखादी चिलापी गळाला लागलीच, तर जाळीवाल्यांकडे असं बघतात, जणू अरबी समुद्र स्वतः येऊन साक्ष देऊन गेला.

मला ही सगळी चैन वाटायची. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलो, आता लिहितो. धरणात कुणाची गावं बुडाली, हे मी त्यांना काठावरच तारस्वरात ऐकवायचो. ते शांतपणे म्हणायचे, "हळू बोल, मासो पळतलो."

गेल्या वैशाखात मी त्यांच्या गावची दोन तिकिटं काढली. त्यांची खाडी जेटीसाठी भराव टाकून अर्धी बुजवली होती आणि उरलेली वाचवण्यासाठी गावात सभा होती. माझं डोकं पेटलं. इतकी वर्षं जिने या माणसाला झोपू दिलं नाही, तिच्यासाठी त्याच्यापेक्षा चांगला कोण बोलणार? काठावर त्यांच्याशेजारी बसून मी म्हणालो, "काका, चला. सभेत तुम्ही उभे राहा. ज्यांनी काठची जमीन देऊन खाडी विकली, त्यांना तोंडावर विचारा."

काकांनी दोरा गुंडाळायला घेतला. भरतीची वेळ अजून सरली नव्हती.

"मीच दिली रे," ते म्हणाले.

काठावरची जमीन वडिलांनी थोरला म्हणून त्यांच्या नावावर केली होती. धाकटा भाऊ गावात, रोज तिथेच गरवणारा. दोघं एकाच काडीवर शिकलेले. "कंपनीच्या माणसाचा फोन आला. भावाक विचारलंय नाय. म्हटलं, मी आता सोलापूरचा, माका खाडी कशाक? हो म्हटलं आणि चहा प्यायला बसलो."

भाऊ त्यानंतर त्यांच्याशी एक शब्द बोललेला नाही. आणि काकांनी तिथी मोजायला सुरुवात केली, तीही त्यानंतरच.

असल्या माणसांसाठी माझ्याकडे जळजळीत वाक्यं तयार असतात. "तरी चला," एवढंच म्हणालो. "त्याला भेटा."

"खंयच्या तोंडान?" त्यांनी मान हलवली. "तू जा. सभेत बोल. जमीन कोणी दिली तेही सांग, नाव घेऊन सांग. फक्त संध्याकाळी खाडीकडे जा. खडकाच्या टोकावर तो अजून गरवता काय, तेवढं लांबून बघ."

"आणि गरवत नसला तर?"

काकांनी गुंडाळलेला दोरा पिशवीत टाकला.

"तरी गरवता म्हणूनच सांग."