शेपटी लवकर गळण्याचे चूर्ण

एका जंगलात एक तळे होते, मुलांनो, आणि त्या तळ्यात प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळी होत असे. अंडी फुटत. बेडूकमासे बाहेर पडत आणि शेवाळ खाऊन गुबगुबीत होत. मग त्यांना मागचे पाय फुटत, नंतर पुढचे, आणि सरतेशेवटी शेपटी नाहीशी होई. कोणी कोणाला घाई करत नसे. पुढे तळ्याकाठी शाळा निघाली.

शाळेचा नियम एकच होता. दसऱ्याच्या दिवशी ज्याची शेपटी गळलेली असेल, त्यालाच प्रवेश. इतरांनी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे. नियम सुटसुटीत होता, म्हणून सर्वांना तो फार शास्त्रीय वाटला.

त्या तळ्यात मंजुळाबाई नावाची एक बेडकीण राहत असे. तिने चारशे अंडी घातली होती. माशांच्या तोंडातून वाचला तो एकटा श्रीरंग. साहजिकच चारशेजणांच्या वाट्याची काळजी त्या एकट्याच्या वाट्याला आली.

शेजारच्या गोदूताईंच्या वसंताला भाद्रपदातच मागचे पाय फुटले. श्रीरंगाला फुटले नाहीत. गोदूताई त्याविषयी अवाक्षर काढत नसत. त्या फक्त रोज सकाळी वसंताला मंजुळाबाईंच्या दारावरून पोहायला नेत.

सहाव्या सकाळी मंजुळाबाई श्रीरंगाला घेऊन आबांकडे गेल्या. आबा म्हणजे तळ्यातले वृद्ध कासव. त्यांना वैद्यकी येत असे. मान बाहेर काढायलाच त्यांनी बराच वेळ घेतला. मग श्रीरंगाचा गळा पाहिला, शेपटी पाहिली, आणि सावकाश सांगितले, “मुली, याच्या डोक्यात खसखशीएवढा एक मुकादम बसला आहे. वेळ झाली की तो गळ्यातल्या ग्रंथीला निरोप धाडतो. ग्रंथी रक्तात थोडासा रस सोडते. तो रस अंगभर फिरतो, पायांना या म्हणतो आणि शेपटीला जा म्हणतो. रस पुरेसा झाला की मुकादम निरोप थांबवतो. सगळे ठीक आहे.”

“मग मी काय करू?”

“शेवाळ खाऊ घाल. आणि थांब.”

मंजुळाबाईंना हा सल्ला फारच अपुरा वाटला. पुडी नाही, पथ्य नाही, साधी भीतीसुद्धा घातली नाही. अशा वैद्यावर कोणी विश्वास कसा ठेवावा?

तळ्याच्या काठी एका दगडावर रंगनाथ नावाचा सरडा बसत असे. आधी तो पत्रिका जुळवीत असे. मग काही दिवस त्याने पावसाचे अंदाज सांगितले. हल्ली त्याने ग्रंथी हा विषय घेतला होता. त्याने श्रीरंगाकडे एकदाच पाहिले आणि हळहळून मान हलवली.

“वहिनी, ग्रंथी थकली आहे याची,” तो म्हणाला. “तुमचा दोष नाही. हल्लीच्या शेवाळात पूर्वीचा कस राहिला नाही.”

एवढे ऐकून मंजुळाबाईंचे डोळे भरून आले. आजवर कोणी त्यांना इतक्या आपुलकीने घाबरवले नव्हते.

रंगनाथाने कर्दळीच्या पानात बांधलेली एक पुडी दिली. सकाळी एक चिमूट, शेवाळाबरोबर. चूर्ण संपूर्ण नैसर्गिक होते, हे त्याने तीनदा सांगितले. मोबदल्याचे विचारताच तो दुखावला. आपण हे समाजासाठी करतो, असे तो म्हणाला. अट एकच होती. शेपटी गळली की कार्तिकी पौर्णिमेला मुलाला दगडावर तपासणीसाठी पाठवायचे.

मंजुळाबाई सगळ्यांचे ऐकून घेणाऱ्या होत्या, म्हणून त्यांनी ती पुडी आबांना दाखवली. आबांनी वास घेतला.

“हा रसच आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यातला, वाळवून कुटलेला. तो बाहेरून ओतलास तर मुकादमाला वाटेल काम झाले, आणि तो झोपी जाईल. ग्रंथी सुस्तावेल. अंग वाढायच्या आत शेपटी जाईल, आणि मग वाढणे राहूनच जाईल.”

“पण आबा, सगळे नैसर्गिक आहे.”

“आणि साप? ते काय कोणी विणून आणतो?”

मंजुळाबाईंना हे बोलणे असंस्कृत वाटले. घरी येऊन त्यांनी एक चिमूट दिली. मग वसंताच्या पायांची आठवण झाली, म्हणून आणखी एक दिली.

आठ दिवसांत चमत्कार झाला. श्रीरंगाला चारही पाय फुटले आणि शेपटी विरघळून गेली. दसऱ्याला शाळेच्या दारात तो सर्वांत पुढे होता. तो तिथे आहे, हे मात्र मंजुळाबाईंना बोट दाखवून सांगावे लागले, कारण श्रीरंग मोहरीएवढा होता.

गुरुजींनी वाकून पाहिले. शेपटी नव्हती. आकाराविषयी नियमात काही लिहिलेले नव्हते. त्यांनी श्रीरंगाचे नाव पहिल्या क्रमांकावर लिहिले आणि मंजुळाबाईंचे अभिनंदन केले. वसंताची शेपटी अजून बोटभर शिल्लक होती. गोदूताई घरी न जाता परस्पर सरड्याच्या दगडाकडे गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग तळ्यातल्या साऱ्या आया गेल्या. गुरुजींनी कनवाळूपणे प्रवेशाची मुदत पंधरवडाभर वाढवली.

श्रीरंग शाळेत जाऊ लागला. त्याचे डराव कोणाला ऐकू येत नसे. त्याची उडी गवताच्या एका पात्यापलीकडे जात नसे. रात्री तो आईला विचारी, “आई, मी मोठा कधी होणार?” मंजुळाबाई म्हणत, “झालास की रे. तुला शेपटी कुठे आहे?” आणि मग बराच वेळ त्यांना झोप येत नसे.

कार्तिकी पौर्णिमेची सकाळ उजाडली. हरभऱ्याएवढ्या, वाटाण्याएवढ्या मुलांची रांग दगडापाशी लागली. श्रीरंगाला पहिले उभे करायचे मंजुळाबाईंच्या फार मनात होते. परंतु त्याच्या इवल्याशा उड्यांनी काठ चढेपर्यंत ऊन डोक्यावर आले, आणि आयुष्यात प्रथमच तो शेवटचा ठरला.

रांग भराभर पुढे सरकत होती. मुले एकेक करून दगडामागे जात होती. तपासलेल्यांना मागच्या वाटेने घरी पाठवतो, असे रंगनाथ सांगत होता. मंजुळाबाई या गावच्याच होत्या. दगडामागे वाट नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्या दोन पावले बाजूला सरकल्या आणि त्यांनी वाकून पाहिले.

वसंता नुकताच आत गेला होता. रंगनाथाची जीभ बाहेर आली आणि आत गेली. त्याच्या गळ्याची पिशवी एकदा खाली झाली, एकदा वर झाली. बेडूकमासा पाण्यात असतो तोवर सरड्याच्या हाती लागत नाही. पुरा वाढलेला बेडूक त्याच्या तोंडात मावत नाही. या दोहोंमधला आकार निसर्गात सहसा मिळत नाही, मुलांनो. तो तयार करावा लागतो.

मंजुळाबाईंनी विचार केला नाही. त्यांनी श्रीरंगाला जिभेवर घेतले, तोंड घट्ट मिटले आणि काठाने परत फिरल्या.

वाटेत गोदूताई भेटल्या. “आमचा वसंता गेला का हो आत?” त्यांनी विचारले. मंजुळाबाईंचे डोळे वाहत होते. पण तोंड उघडले असते, तर श्रीरंग बाहेर पडला असता, आणि दगड चार हातांवर होता. त्या नुसत्या पाहत राहिल्या.

“पाहा,” गोदूताई शेजारणीला म्हणाल्या, “मुलगा पहिला आल्यापासून आमच्याशी बोलणेसुद्धा सोडले. बोलायची इच्छा नाही, दुसरे काय!”

आबाही तिकडेच निघाले होते. पौर्णिमेच्या आधी तीन दिवस ते निघाले होते. ते पोहोचले, तेव्हा दगडापाशी मागाहून शेपटी गळलेल्या मुलांची दुसरी रांग लागली होती, आणि त्यांचे पहिले वाक्य पुरे होण्याआधीच तीही सरकली.

तात्पर्य: ज्याला सारे कळले आहे, त्याच्या तोंडात त्याचे मूल असते, आणि ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्याचे वाक्य लांबते. म्हणून सुज्ञ पालकांनी औषध नेहमी अशाकडूनच घ्यावे, ज्याचे तोंड रिकामे असून जो थोडक्यात बोलतो आणि मोबदला मागत नाही.