मोरूच्या बांधासमोर मरणारी स्कूटर

आमची मुलगी अनिता लग्न होऊन रोह्याला गेली, ते साल दोन हजार बावीस. त्याच साली, दिवाळीच्या तोंडावर, माझ्या हाती ही केस आली.

आधी माझी ओळख करून देतो. मी जनार्दन, मुक्काम जोहे, तालुका पेण. लोक जनू म्हणतात, ते त्यांचं अज्ञान. पोटासाठी मी गणपती करतो, पण माझा खरा धंदा तपासाचा. नजर घारीची, कान सशाचे, आणि नाक असं की माझ्या बायकोने, काशीबाईने, वालाला फोडणी दिलेली मला एसटी स्टँडवरून कळते. माझ्या नावावर तीन मोठ्या केसेस आहेत. त्यातली सर्वांत गाजलेली म्हणजे चाळीस उंदरांची. गणपतीपुढे ठेवायचे चाळीस उंदीर कारखान्यातून नाहीसे झाले होते. मी सहा जणांवर संशय घेतला, दोघांशी कायमचं वैर घेतलं, आणि अकराव्या दिवशी उंदीर शोधून काढले. ते मी ज्या गोणीवर बसून विचार करत होतो, तिच्यातच होते.

तर केस. माझा मुलगा अमोल याने समुद्रावरच्या एका बंद पडलेल्या धंद्यातून जुनी वॉटर स्कूटर आणली. पाण्यावर चालणारी मोटारसायकल म्हणा. रोह्याला कुंडलिकेच्या काठी धनेशशेठचं रिसॉर्ट आहे. शेठ म्हणाले, "दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आण. धक्क्यापासून पुलापर्यंत न थांबता तीन खेपा मारून दाखव. चालली तर स्कूटरसकट तू कामाला." नाही चालली तर अमोल मस्कतला जाणार होता. पासपोर्ट पेणच्या एजंटकडे देऊन झाला होता. काशीबाई तेव्हापासून घरात बोलेनाशी झाली होती, आणि ज्या घरात काशीबाई बोलत नाही तिथे राहणं सोपं नाही.

स्कूटर पावसाळाभर आमच्या कारखान्यात, गणपतींच्या रांगेत उभी होती. गणपती गेल्यावर आम्ही तिलाही रूप दिलं. ठमीने पॉलिश पेपरने घासली, मी चरे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरले, वरून निळा रंग मारला. ठमी नदीकाठच्या वाडीवरची, वीस वर्षं आमच्याकडे कामाला. तिने घासलेल्या मूर्तीवरून माशी घसरते.

शनिवारी, म्हणजे परीक्षेच्या आठ दिवस आधी, स्कूटर खाडीत उतरवली. बटण दाबताच गरजली. अमोल पाणी उडवत गेला, आणि थेट मोरूच्या बांधासमोर जाऊन स्कूटर मेली. अमोलने ती हाताने वल्हवत परत आणली. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल अर्धी टाकी. झाकण लावलं, बटण दाबलं, चालू! पुन्हा गेला. पुन्हा मोरूच्या बांधासमोर मेली.

"बाबा, हिला काय झालंय?" अमोल म्हणाला.

मी डोळे मिटले. "हिला काय झालं नाय. हिला कोणीतरी काय केलंय. दोनदा एकाच जागी मरतं, त्याला अपघात म्हणत नाय."

रविवारी मोरू खेकड्यांचे पिंजरे विणत बांधावर बसला होता. मी सहज आल्यासारखा त्याच्या शेजारी बसलो.

"मोरू, शनिवारी सकाळी दहाला तू कुठे होतास?"

"हितंच."

"कोणी पाहिलं?"

"तूच की. लांबून हात नाय केलास?"

साक्षीदार मीच निघाल्याने मी जरा मागे सरलो. "मग स्कूटर तुझ्याच बांधासमोर का मरते?"

मोरूने सुतळी दातात धरली. "माझा बांध पेट्रोल पितो, जनू. काल दोन लिटर प्यायला. आज वांती करतो."

हे मी वहीत लिहून घेतलं. काशीबाईने रात्री वही वाचली आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली, म्हणून मोरूला मी तात्पुरता सोडला.

सोमवारी रामवाडीहून प्रणित मेकॅनिकला आणलं. तो मोटारसायकलींचा माणूस, पण इंजिन ते इंजिन. त्याने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "काका, कार्बोरेटर. जुन्या पेट्रोलचा गाळ बसतो, मग पेट्रोल पुढं सरकत नाय." त्याने कार्बोरेटर सोडवला, बारीक भोकांतून तार फिरवली, फवारा मारला. तेवढ्यात अमोलने पेट्रोल किती आहे ते झाकण उघडून पाहिलं. स्कूटर चालू केली, एका झटक्यात गरजली.

"केस खतम!" मी जाहीर केलं आणि वाडीभर पेढे वाटले. शेवटचा पेढा वाटून होईपर्यंत अमोल मोरूच्या बांधासमोरून वल्हवत परत येत होता. मोरू बांधावरून ओरडला, "जनू, माझा पेढा राहिला रं!"

मंगळवारी माझा संशय पेट्रोलवर गेला. काचेच्या बाटलीत काढून उन्हात ठेवलं. पाणी असेल तर तळाला बसतं. तळाला काहीच बसलं नाही. मीच दोन तास समोर बसून होतो. बुधवारी पेट्रोलची जाळी काढली, स्वच्छ. गुरुवारी प्लग बदलले. प्रत्येक वेळी आधी झाकण उघडून पेट्रोल बघायचं, मग स्कूटर चालू व्हायची, मग मी केस खतम म्हणायचं, मग मोरू हात करायचा. शुक्रवारी मी असं अनुमान काढलं की स्कूटरला खाऱ्या पाण्याची भीती बसली आहे, रोह्याच्या गोड्या पाण्यात चालेल.

"ती आली समुद्रावरून," काशीबाई म्हणाली. तेवढंच म्हणाली, आणि चिवड्याचं मोठं पातेलं चुलीवर ठेवलं. मस्कतला टिकेल असा चिवडा. ते पातेलं पाहून मी तपासाची वही मिटली.

शनिवारी सकाळी अमोल एजंटला फोन लावत अंगणात फिरत होता. मी स्कूटरपुढे बसलो होतो. सवयीने झाकण उघडलं. ठमी जवळच साचे धूत होती. तिने मान वर केली.

"दादा, झाकान उघडताव तवा ती फुस्स करतंय. रोज करतंय?"

"करते. त्याचा तपासाशी संबंध नाय."

"डबा ऐकलाव कधी? तेलाचा नवा डबा. एकच भोक पाडून तेल ओता, दोन घोट येतंय न् थांबतंय. वारा जायाला दुसरं भोक पाडावं लागतंय. ही बी वारा मागतंय. तुमी झाकान उघडताव, ती दम घेतंय न् चालतंय. झाकान लावलाव का थोड्या टायमानं गुदमरतंय."

अमोलने फोन कानावरून खाली आणला.

"पर मग हिचं दुसरं भोक कुठं हाय?" तो म्हणाला.

"मी घासली तवा व्हता ना. चन्यायेवढा." ठमीने हात पुसले, स्कूटरच्या तोंडावरचं मोठं झाकण वर केलं, आणि आतल्या अंगावरून बोटं फिरवली. वीस वर्षं बोटांनी मूर्तीतले खळगे शोधणारी बाई. एका जागी बोट थांबलं. तिने कोरणी घेतली आणि निळ्या रंगाखालची लांबी खरवडून काढायला सुरुवात केली.

आमच्या धंद्यात मूर्तीला बुडबुड्याचं भोक राहिलं तर गिऱ्हाईक मूर्ती घेत नाही. म्हणून भोक दिसलं की हात आपोआप लांबी घेतो, भरतो, अंगठ्याने दाबतो. डोक्याला विचारत नाही.

लांबीची टिकली अख्खी निघाली. ठमीने ती तळहातावर धरली. रंगाखाली अंगठ्याचा ठसा स्पष्ट होता, मधे आडवी चीर असलेला. बँकेत, सोसायटीत, रेशनच्या दुकानात मी पन्नास वर्षं तोच अंगठा उठवला होता. सही शिकलो तरी अंगठा तोच. ठमीने ठशाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मी हात पाठीमागे घेतला.

"काय निघालं गो?" काशीबाई दारातून म्हणाली. तिच्या हातात झारा होता.

ठमीने मूठ मिटली. "कुंभारीण माशी, काशीबाय. मातीचं घर केलंतान. भारी वस्ताद हाय ती. अशी लिपतंय का कोनाला कळनार नाय."

अमोलने स्कूटर खाडीत घातली. ती मोरूच्या बांधासमोरून गेली आणि जातच राहिली. मोरू बांधावर उभा राहिला, पिंजरा हातात तसाच.

रविवारी रोह्याला तीनच्या जागी चार खेपा झाल्या. चौथी अमोलने खुशीने मारली. अनिता धक्क्यावर टाळ्या वाजवत होती. धनेशशेठने मला विचारलं, "खराबी काय होती हो?"

"कुंभारीण," मी गंभीरपणे म्हणालो. "फार हुशार गुन्हेगार. पण सापडली."

प्रणितने ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. मोटारसायकल असती तर म्हणे त्याने टाकीचा वारा आधी पाहिला असता. मस्कतचा चिवडा आम्ही महिनाभर खाल्ला. मोरूलाही दिला, पेढ्याच्या बदल्यात. अमोल अजून दर हंगामाआधी स्कूटर उघडून कुंभारणीची घरं शोधतो. एकही सापडत नाही. ती गेली असेल, असं मी त्याला सांगत आलो.

त्या सोमवारी ठमी कामावर आली तेव्हा मी तिच्यापुढे उभा राहिलो. ती साचा घासत म्हणाली, "हात भरतोच, दादा. माजा बी भरतो. आता तेवढा चहा सांगा." मी चहा सांगितला नाही, स्वतः करून आणला. त्यात साखर घालायची राहिली. तिने तो पूर्ण प्यायला.

लांबीची ती टिकली तिने मला परत दिली नाही. तिच्या घरच्यांनी पत्र्याच्या डबीतून ती मला आणून दिली. डबीत आणखी काही नव्हतं. आज मी हे अमोलला वाचून दाखवणार आहे, म्हणजे तो माशा शोधायचं थांबवेल.

ठमी दोन हजार चोवीस साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी वारली.