अण्णांचा पहिला नंबर

एका जंगलात एका झकास पेटीचं वाटोळं झालं, आणि ते अस्वल अण्णांनी केलं. आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर गोष्ट संपताना मोठी मंडळी म्हणतात, "चूक सगळ्यांचीच होती." नव्हती. अण्णांची होती.

तर बाळांनो, मांडी घाला. नाक पुसा. ऐका.

त्या जंगलात झिपरी नावाची खार होती. तिला शाळेतून काढलं होतं. अण्णा तेव्हा मुख्याध्यापक होते आणि फळ्यावर एक गणित तासभर मांडून मांडून पुसत होते. झिपरीनं विचारलं, "सर, तुम्हाला तरी येतं का हे?" एवढंच.

रिकामी झालेली झिपरी जंगलाच्या कडेला गेली. तिथं माणसांनी बंद पडलेली खेळाची मशिनं टाकली होती. तिनं तारा कुरतडल्या, एकमेकींना जोडल्या आणि सागाच्या पोकळ खोडात एक पेटी उभी केली. एक पडदा, एक दांडी, दोन बटणं, आणि आत अख्खे सहा खेळ! फळं खाऊन लांब होणारा साप होता, रस्ता ओलांडणारा बेडूक होता. वरून विटा पडायच्या, आकाशातून शत्रू उतरायचे, चक्रव्यूहात भुतं मागे लागायची. चेंडू परतवायचा खेळ तर नुसता धुमाकूळ.

जंगल येडं झालं. रांग ओढ्यापर्यंत गेली. साळिंदराचे काटे पुढच्या रानडुकराच्या पाठीत घुसले, तरी ते मागं वळलं नाही. नंबर गेला असता ना! खराखुरा बेडूक पडद्यावर पाच वेळा ट्रकखाली गेला आणि ओरडला, "अजून एकदा!"

खेळ संपला की पडद्यावर दहा नावं यायची. ज्याचे गुण जास्त, तो वर. सगळ्यात वर झिपरी.

ही बातमी अण्णांच्या कानावर गेली. अण्णा शाळेसोबत ज्येष्ठ मंडळाचेही अध्यक्ष होते. त्या खुर्चीत एकतीस वर्षं झाली होती. जंगलाची रीतच होती, पहिला मान अण्णांचा. पाणवठ्यावर पहिला घोट त्यांचा, मोहाखाली पहिलं फूल त्यांचं, सभेत पहिलं भाषण त्यांचं. शेवटचंही त्यांचंच.

"पहिली कोण? ती? शाळेत टिकली नाही ती?" अण्णा गुरगुरले.

"ही ही ही," चिटणीस तरस हसला. अण्णांच्या प्रत्येक वाक्याला हसणं हेच त्याचं काम होतं.

अण्णा आले. पेटीला हार घातला, नारळ फोडला. "आम्ही खेळायला नाही, तपासायला आलोय," म्हणाले, आणि सकाळपासून दुपारपर्यंत तपासत बसले. त्यांचा साप भिंतीवर आपटला. बेडूक पहिल्याच चाकाखाली. सहा खेळ मिळून गुण चाळीस. शेपूट न गळलेल्या बेडकाच्या पिल्लाचे नव्वद होते.

"दांडी सैल आहे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ती तुमच्या हातात आलीय," झिपरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुधारणा सुरू झाल्या.

"मोठ्यांनी टाकलेला चेंडू उलटून मारायचा? हे संस्कार?" झिपरीनं परतवणं काढून टाकलं. चेंडू यायचा, बाजूनं निघून जायचा. सगळे त्याला नमस्कार करायचे.

"ओळ पूर्ण भरली की नाहीशी होते? एवढ्या कष्टानं बांधलेली भिंत? राहू दे तशीच." चार मिनिटांत पडदा लिंपल्यासारखा गच्च झाला.

"आलेल्या पाहुण्यांवर गोळ्या?" मग शत्रू उतरायचे आणि चहाची वाट बघत बसून राहायचे.

"भुतं म्हणजे अंधश्रद्धा!" भुतं गेली. अण्णा चक्रव्यूहात एकटेच फिरले, रस्ता चुकले आणि पडद्याला तोंड लावून म्हणाले, "कोणी आहे का?"

एवढं करून गुण पस्तीस. झिपरी अजून पहिलीच.

अण्णांचं नाक लाल झालं. "यादीच चुकीची आहे. गुण काय, कुणीही मिळवतं! अनुभव मोजा. यादी वयानं लावा. तरसा, ठराव लिही. यापुढं या जंगलात प्रत्येक पहिला नंबर वयानं."

"प्रत्येक? नक्की?" झिपरीनं विचारलं.

"पोरी, मोठ्यांना नक्की विचारायचं नसतं."

"बरं," म्हणून तिनं तारा जोडल्या. पडद्यानं वय विचारलं. अण्णांनी साठ दाबलं. अण्णा पहिले! सगळे म्हातारे ओळीनं मागे, आणि झिपरी यादीतून बाहेर. ढोल वाजले. शाल आली. तरस इतका हसला की उचकी लागली.

ढोलांनी तळ्यातला चिखल हलला. त्यातून कासव पणजोबा वर आले. कित्येक वर्षांत त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"कसला गोंधळ रे?"

"वयानं नंबर लावतायत, पणजोबा," झिपरी म्हणाली.

"असं? माझं दोनशे चौदा."

झिपरीनं आकडा भरला. पणजोबा पहिले. अण्णा दुसरे.

"आमचे धाकटे भाऊ पण आहेत," पणजोबा म्हणाले. "नऊ जण. पोरं आहेत अजून. दीडशे-पावणेदोनशेची."

पोरं तिसऱ्या दिवशी पोचली. कासवं ती. दहा ओळी भरल्या. अण्णा अकरावे, आणि पडद्यावर नावं दहाच.

"अरे, पण यांनी एक बटण दाबलेलं नाही!" अण्णा ओरडले.

"ही ही ही," तरस सवयीनं हसला. मग त्यानं ठराव वाचून दाखवला. प्रत्येक पहिला नंबर. पाणवठा, मोह, भाषण, खुर्ची. सगळ्यांनी मिळून पणजोबांना खुर्चीत ठेवलं. ते लगेच झोपले. मंडळाचा कारभार पहिल्यासारखाच चालला.

पेटीशी आता कुणी फिरकेना. झोपून पहिला नंबर मिळत असेल तर दांडी कोण हलवणार? झिपरीनं खोड लोटत ओढ्यापलीकडच्या जंगलात नेलं. तिथं तिनं भुतं परत सोडली, चेंडू परत उलटा मारायला लावला, आणि यादी गुणांवर लावली. अलीकडची सगळी पोरं तिकडं पळाली. साळिंदर पुन्हा रानडुकराच्या मागंच उभं राहिलं.

तात्पर्य: बाळांनो, वडीलधाऱ्यांचा शब्द कधी मोडू नका. अक्षरन् अक्षर पाळा. मोडलेला शब्द त्यांना सोसतो, पाळलेला सोसत नाही.

अण्णांची एकतीस वर्षांची खुर्ची गेली.