दिवाणखान्यात आंदालुसिया

मोजमापात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एकतीस वर्षं मी आमच्या लुगो शहराच्या बाजारातले वजनकाटे तपासले. खाटकाच्या काट्यातली चार ग्रॅमची लबाडी मला दुकानाच्या दारातूनच कळायची. त्यामुळे बारा दिवसांत आपला दिवाणखाना दक्षिणेतल्या घरासारखा करून टाकणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं. भिंतींना पांढरा चुना, कमरेपर्यंत निळ्या नक्षीच्या फरश्या, खिडकीला लोखंडी जाळी, लाल फुलांच्या कुंड्या आणि भिंतीत एक लहानसं कारंजं. सगळं कागदावर काढलं होतं, सेंटिमीटरसकट.

हे सगळं बायकोसाठी. अरासेली मूळची दक्षिणेची, आंदालुसियातल्या लुसेना गावची. लग्न करून इकडे उत्तरेत आली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली आणि त्यातली निदान वीस पावसातच गेली असतील. सप्टेंबरात तिची आई वारली. आम्ही जाऊन सगळं उरकून आलो आणि पुढच्या सोमवारी अरासेली तिच्या बटणं-रिबिनींच्या दुकानात कामावर हजर. इमारतीत तिनं कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, इथे आईला ओळखतं कोण, कुणाला काय सांगायचं. रडलीही नाही. फक्त दिवाणखान्यात बसेनाशी झाली. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच जेवायची आणि ताट धुऊन झालं तरी नळ सुरू ठेवून तशीच उभी राहायची.

नोव्हेंबरात तिच्या भावाचा फोन आला. आईचं घर विकलं गेलंय, रिकामं करायला ये. ती बारा दिवसांसाठी गेली. हिचं माहेर बंद होतंय तर आपण इथेच नवं उभं करू, असं मी ठरवलं. सासूबाईंचं घर तसं साधंच होतं. पण करायचंच तर नमुनेदार करावं, म्हणून दातांच्या डॉक्टरकडच्या मासिकातलं एक पान मी गुपचूप फाडून आणलं.

गवंडी मिळेना. शेवटी गुमेर्सिंदो मिळाला. हा दफनभूमीत काम करणारा माणूस. आमच्याकडे शवपेट्या ठेवायला भिंतीत एकावर एक कप्पे असतात, त्यांची तोंडं बंद करायची हे त्याचं रोजचं काम. पितरांचा सण होऊन गेला होता, त्यामुळे त्याला सवड होती. दिवसाला सहा-सात शब्द बोलायचा, पण हात पक्का. कारंज्यासाठी भिंतीत कोनाडा कर म्हटलं, तर त्यानं अर्ध्या तासात कोरून दिला. माझ्या कागदावर वेगळं माप होतं. हा एवढा मोठा कसा झाला, असं मी विचारलं.

"हाताला बसलेलं माप आहे," तो म्हणाला.

फरश्या लागल्या, चुना फासला. मासिकात ती खोली उन्हात होती. आमच्याकडे दुपारी तीनला दिवा लावावा लागत होता. त्या उजेडात दिवाणखाना बघून मला पहिल्यांदा मासळीचं दुकान आठवलं आणि मग जे आठवलं ते मी मनातच ठेवलं. पावसामुळे चुना वाळेना. टेकलं की पाठ पांढरी. माझे डोळे चुन्यानं लाल होऊन सारखे गळायला लागले.

त्यात कारंजं सुरू करून बघितलं. पाणी वर जाऊन पडायच्या ऐवजी भिंतीतून खाली गेलं, ते थेट खालच्या मजल्यावर ओब्दुलियाबाईंच्या कांद्यांच्या टोपलीत. बाई तणतणत वर आल्या. मी दार जेमतेम वीतभर उघडलं. खोली अरासेलीच्या आधी कुणी बघायची नाही, हा माझा निश्चय होता. बाईंनी माझे डोळे बघितले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. अरासेली कुठेय, असं त्यांनी विचारलं.

"गेली," मी म्हणालो.

"अरे देवा. कधी?"

"रविवारी. फार काही विचारू नका, ओब्दुलियाबाई. गुरुवारी पाचपर्यंत सगळं तयार व्हायला हवं, एवढंच बघतोय."

बाईंनी माझा हात दाबला आणि कांद्यांचं नावही न काढता खाली गेल्या. किती समजूतदार बाई, असं मला वाटलं. पुढे कळलं की जिन्यात त्यांना गुमेर्सिंदो भेटला, खांद्यावर सिमेंटची गोणी घेऊन. कुणाचं काम, असं त्यांनी विचारलं. "वरच्या बाईंचं," तो म्हणाला. खरंच होतं ते. झालं, तासाभरात चारही मजले आणि कोपऱ्यावरची बेकरी यांना खबर लागली. अरासेलीलाच फोन करून बघावा, असं एकाच्याही मनात आलं नाही. मेलेल्या माणसाला फोन कोण करणार!

गुरुवारी पाचला बेल वाजली. अरासेली आली म्हणून मी केस नीट केले आणि दार उघडलं. बाहेर ओब्दुलियाबाई, बेकरीवाला एवारिस्तो त्याच्या बायकोसह, आणि इमारतीतली सात-आठ माणसं. सगळी काळ्या कपड्यांत. एकाच्या हातात सूपाचं पातेलं, दुसरीच्या हातात शेवंतीची कुंडी. बातमी फुटली आणि लोक खोली बघायला आले, असं मी समजलो. आलेच आहेत तर बघू देत, म्हणून मी त्यांना आत घेतलं.

सगळे पांढऱ्या भिंतींकडे आणि फरश्यांकडे बघत उभे राहिले. एवारिस्तोची नजर त्या कोनाड्यावर गेली आणि तो अंगावर क्रूसाची खूण करून एक पाऊल मागे सरला.

"सगळं तिच्यासाठी केलं," मी म्हणालो. "शेवटपर्यंत तिला कळू दिलं नाही."

एवारिस्तोची बायको हुंदके द्यायला लागली. माझ्या कामाचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. मीही डोळे पुसले.

"आत थंड वाटतंय ना?" मी विचारलं. "तिला असंच लागतं."

तेवढ्यात जिन्यात चाकांच्या बॅगेचा आवाज झाला आणि अरासेली दारात उभी राहिली, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. सूपाचं पातेलं फरशीवर पडलं. ओब्दुलियाबाई खुर्चीत बसायला गेल्या, पण खुर्ची तिथे नव्हती, त्या कुंडीवर बसल्या. काय झालं असणार हे मला तेव्हा कुठे कळलं. एकतीस वर्षं मोजमाप करणारा मी, दारात "गेली" हा एक शब्द किती वजनाचा पडला ते मला उमगलं नव्हतं.

ओब्दुलियाबाईंना एवारिस्तोनं उठवलं. त्यांनी अरासेलीचं मनगट चाचपून बघितलं.

"मग गेलं कोण?" त्यांनी विचारलं.

अरासेलीनं खोलीभर नजर फिरवली. काळे कपडे, फुलं, रडलेले चेहरे. आता ही मला घराबाहेर काढणार, असं वाटून मी मान खाली घातली.

"माझी आई," ती म्हणाली. "सप्टेंबरात."

आणि ती रडायला लागली. उभ्या जागी, ओल्या कोटासकट. एवारिस्तोच्या बायकोनं तिला धरलं. मग एकेक जण पुढे आला आणि माझ्यासाठी तयार करून आणलेले शब्द तिला म्हणाला. नाव काय होतं आईचं, असं कुणीतरी विचारलं. अंगुस्तियास, ती म्हणाली. मग वय विचारलं, दुखणं विचारलं. अरासेली बोलत राहिली: आई पहाटे उठून शेजारणीच्या कोंबड्यांना शिव्या घालायची, एकदा जिना धुताना तिनं पाद्र्यावर पाणी मारलं होतं, मुद्दामच. लोक हसले. मी सांडलेलं सूप पुसत होतो. आठ वाजता सगळे गेले, तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर चुना होता.

दार लावून अरासेलीनं कोट काढला आणि पहिल्यांदा खोली नीट बघितली. मी बाजूला उभा होतो. शाळेत पाढा चुकल्यावर उभं राहायचो, तसा.

"किती दिवस लागले?" तिनं विचारलं.

"बारा."

"फरश्या सरळ बसल्यात," ती म्हणाली.

तिनं बॅग उघडली. कपड्यांखालून घडी केलेलं एक जुनं मेणकापड काढलं, लिंबांच्या चित्रांचं, रंग विटलेलं. आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं. भाऊ ते टाकून देत होता. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते तिनं अंथरलं. मापात बसत नव्हतं, एका बाजूनं जवळजवळ फूटभर लोंबत होतं. कातरून देऊ का, असं मी विचारणार होतो. सुदैवानं तोंडात पाव होता.

एका कडेला सुरीचे बारीक चरे होते, शेकड्यांनी. अरासेलीनं त्यांच्यावरून हात फिरवला, खुर्ची ओढली आणि कितीतरी आठवड्यांनी बसून जेवायला घेतलं. मी समोरची खुर्ची सोडून तिच्या शेजारी, चरे असलेल्या कडेला जाऊन बसलो.

"तिथे नको, एलिसेओ," ती म्हणाली. "ती आईची जागा."

मी ताट उचललं आणि पलीकडे गेलो.