भिंतीवरचा फोटो

“मी मेल्यावर लावायचा फोटो आहे. हसराबिसरा नको,” टेलरमास्तरांनी जावयाला बजावलं आणि कोटाचं वरचं बटण लावलं.

घाईला कारण होतं. बायको गेली तेव्हा तिचा एकटीचा फोटोच घरात सापडला नव्हता. शेवटी कुठल्याशा समारंभातल्या घोळक्यातून तिला कापून काढावं लागलं. भिंतीवर ती खदखदून हसत होती आणि तिच्या खांद्यावर कुणाचा तरी परका हात होता. आपल्या वेळी असली कापाकापी नको, असं मास्तरांनी ठरवलं होतं.

जावई स्टँडवर लावलेल्या नव्या कॅमेऱ्याची डायल फिरवत होता. “बर्स्ट मोड लावलाय, बाबा. एका दमात वीस फोटो. त्यातला बरा निवडायचा.”

“आणि उरलेल्यांच्या काय पिशव्या शिवू?”

“शिवाय बटण दाबायचंच नाही. समोर हसरा चेहरा दिसला की कॅमेरा आपणहून फोटो काढतो. हात लागला की फोटो हलतो ना!”

मास्तर ताठ बसले. कॅमेरा गप्प. मास्तर आणखी ताठ झाले. कॅमेरा तसाच.

“बाबा, जरा हसा ना,” लेक म्हणाली.

“मेलेला माणूस कशाला हसेल?”

“आई हसतेय की.”

“तिला काय जातंय हसायला? भांडी आता मला घासावी लागतात.”

“अरे, बंद कर ना ते हसण्याचं,” लेकीने नवऱ्याला दटावलं.

जावयाने मेनू उघडला. हसणं काही बंद झालं नाही, बर्स्टचा वेग तेवढा वाढला. हे कबूल करण्यापेक्षा तो म्हणाला, “इथे उजेड कमी आहे. खुर्ची त्या भिंतीपाशी घ्या.”

मास्तर भिंतीपाशी जाऊन बसले मात्र, कॅमेरा तडतडायला लागला.

“मी हसलो नाही हं!” मास्तर ओरडले.

जावयाने स्क्रीन पाहिली. चेहरा टिपणारी चौकट मास्तरांच्या चेहऱ्यावर नव्हतीच, त्यांच्या डोक्याच्या वर होती.

“आईंना पकडतोय,” तो पुटपुटला.

मास्तर खुर्चीतच वळले. “अगं, माझा फोटो चाललाय! जन्मभर मधे मधे केलंस, आता तरी गप्प बस!”

कॅमेरा थांबेना. मास्तरही थांबेनात. बऱ्याच दिवसांचं साचलं होतं, भांड्यांपासून सुरुवात झाली. मेमरी कार्ड भरलं तेव्हा कुठे दोघं थांबले. लेक पोट धरून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

“सगळे उडवतो,” जावई ओशाळून म्हणाला. “पहिल्यापासून काढू.”

“थांबा, जावईबापू.” मास्तरांनी चष्मा चढवला आणि एकेक फोटो पाहिला. एका फोटोवर बोट ठेवलं. “हा मोठा करून आणा.”

“बाबा, यात तुमचा अर्धाच चेहरा आलाय! आणि बोट नाचवताय.”

“असू दे. यात मी बोलतोय आणि ती ऐकून घेतेय. असा फोटो पुन्हा मिळायचा नाही.”