दोन पायांचा मुळा

परसबाग योजनेच्या अर्जात 'लावलेली रोपे' असा रकाना होता. बियांसाठी रकाना नव्हता.

घाटंजीजवळच्या तांड्यावरील बिजलीबाईला योजनेतून फक्त तारेची जाळी हवी होती. शेजारच्या खेमसिंगच्या शेळ्या तिची भाजी तिच्याआधी खात. जाळी मात्र रोपे मोजल्यावरच मंजूर होणार होती. मोजायला कृषी सहायक कपिल आले, तेव्हा वाफ्यात माती होती.

"रोपं कुठी हायेत, बाई?"

"मुळा हाय, साहेब. त्याचं बीच टाका लागते. उपटून लावला तं बिघडते."

कपिल यांनी जमिनीखालची मोजणी आपल्या अखत्यारीत येत नसल्याचे सांगितले आणि रकान्यात शून्य लिहिले.

मग वरून मार्गदर्शन आले. मुळा आधी ट्रेमध्ये उगवावा, नंतर पाहुण्यांच्या हस्ते वाफ्यात लावावा. बिजलीबाईने तसे केले. दोनशे रोपे मोजली गेली, फोटो निघाले, जाळी मंजूर झाली. तिची वाट पाहत बिजलीबाई चाळीस दिवस काठी घेऊन वाफ्यापाशी बसली.

रोप उपटताना मुळाचे टोक तुटले की मुळा फाटे फोडतो. हे वनस्पतिशास्त्रात आहे, अर्जात नव्हते. जवळजवळ प्रत्येक मुळा दोन पायांचा निघाला. काही तर मांडी घालून बसल्यासारखे. कपिल यांनी पाय मोजले. अहवाल गेला: रोपे दोनशे, मुळे चारशे. शेरा: 'जाळीविना विक्रमी उत्पादन. सबब जाळीची आवश्यकता नाही.'

"मंग माही जाळी?" बिजलीबाईने विचारले.

"तुम्ही आता आदर्श लाभार्थी झाल्या, बाई. तुमाले लाभ कायले पाहिजे?"

लाभाऐवजी यवतमाळच्या प्रदर्शनात टेबल मिळाले. तिने फाटे फुटलेले मुळे मांडले आणि शेजारी, घरच्यासाठी कोपऱ्यात बी टाकून वाढवलेले सरळ मुळेही ठेवले. कपिल यांनी फाटेवाल्यांवर पाटी लावली: 'सुधारित पद्धतीचा मुळा'. दुपारपर्यंत ते दुप्पट भावाने संपले. दोन जुड्या तुम्हीही नेल्यात. सरळ मुळ्यांकडे बघून तुम्ही विचारलेत, हे साधेच आहेत का?

संध्याकाळी बिजलीबाई स्वतः विकत घेतलेले जाळीचे भेंडोळे घेऊन तांड्यावर उतरली. उरलेला एक सरळ मुळा तिने खेमसिंगच्या शेळीपुढे धरला. शेळीने तो पाल्यासकट संपवला.

"शयरात तं याले कोणी हात लावला नाही," बिजलीबाई खेमसिंगला म्हणाली. "हिले पाटी वाचता येत नाही न, भाऊ."