गुंडाळी सरांचा एकुलता एक गोल

एका जंगलात, म्हणजे तिकडे चीन देशातल्या बांबूच्या जंगलात, एक खवले मांजर फुटबॉल खेळायचं. बाळांनो, ते खवले मांजर म्हणजे मीच. ए मागचे, हसताय काय? शेपट्या आवरा आणि नीट बसा.

माझं नाव बाओ. गोलरक्षक व्हायला मला उंची नव्हती. पुढे धावायला पाय नव्हते. जो कुठेच चालत नाही, त्याला मधल्या फळीत घालतात. तसं मलाही घातलं.

आमच्या मैदानाच्या बरोबर मध्यावर एक वारूळ होतं. मी सामनाभर तिथून हललो नाही. मुंग्या खात होतो हो! पण साळुंकीने तिच्या वर्तमानपत्रात छापलं, ‘बाओ मधल्या फळीचा आधारस्तंभ.’ मी ते कात्रण जपून ठेवलं. खोटं कशाला बोलू, दोन प्रती ठेवल्या.

चौदा हंगाम खेळलो. गोल एकच. तो कसा झाला, तेही ऐका.

समोरून पलीकडच्या संघाचं अस्वल धावत आलं. माझी जी घाबरगुंडी उडाली! आम्ही खवले मांजरं घाबरलो की अंगाचा गोळा करतो. मीही केला. नेमका चेंडू पोटाशी होता, तो आतच राहिला. अस्वलाला काही कळेना. त्याने चेंडू समजून मलाच लाथ मारली, ती स्वतःच्याच गोलाकडे. मी गडगडत थेट जाळ्यात.

कासव पंच होतं. त्याने बराच वेळ विचार केला.

“चेंडूला हात लागला का?” त्याने विचारलं.

“हात दिसतच नव्हते,” सगळे म्हणाले.

“मग गोल,” कासव म्हणालं.

आम्ही जिंकलो. जंगलभर माझा जयजयकार झाला. मी घाबरलो होतो, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उलट त्याला नाव पडलं, ‘गुंडाळी पद्धत’.

आता आमच्या जंगलाची एक रीत होती. ज्याचं चित्र क्लबाच्या भिंतीवर, तो म्हातारपणी प्रशिक्षक. शिकवता येतं का, हे विचारणं असभ्य समजत. अध्यक्ष होते दाशान नावाचे रानडुक्कर. त्यांनी माझ्या गळ्यात शिट्टी घातली आणि म्हणाले, “बाओ सर, सगळ्या संघाला गुंडाळी शिकवा.”

मग मी शिकवली. माकडाची कंबर लचकली. करकोच्याच्या मानेला गाठ बसली, ती सोडवायला दोघेजण लागले. आम्ही प्रत्येक सामना हरायचो. हरलो की मी फळ्यावर बाण काढायचो आणि म्हणायचो, “हा पुनर्बांधणीचा टप्पा आहे.” अध्यक्ष मान डोलवायचे. त्यांना बाण फार आवडत.

संघात लानयू नावाची एक हरणी होती. पहिल्याच दिवशी तिने लांबून चेंडू मारला. सरळ जाळ्यात!

“चूक,” मी म्हणालो.

“सर, गोल झाला ना?”

“झाला गं. पण गुंडाळी कुठंय?”

आणि मी तिला बाकावर बसवलं. पुढचा सामना बाकावर. त्याच्या पुढचाही. ती रोज सगळ्यांच्या आधी सरावाला यायची आणि वारुळाला वळसा घालून एकटीच धावायची. मी बघायचो आणि फळ्याकडे तोंड फिरवायचो.

आमच्याकडे नियम होता. अख्ख्या हंगामात जो एकदाही मैदानात उतरला नाही, त्याचं नाव संघातून खोडायचं. शेवटचा सामना नदीपलीकडच्या ऊदमांजरांशी होता. थोडाच वेळ उरला होता आणि आम्ही एका गोलाने मागे होतो. तेवढ्यात माकड लंगडत बाहेर आलं.

लानयू उठून माझ्याजवळ आली.

“सर, जाऊ का आत? आज नाही उतरले तर माझं नाव खोडतील.”

बाळांनो, मला सगळं दिसत होतं. ती उतरली असती तर गोल झाला असता. आणि गोल झाला असता तर सगळं जंगल म्हणालं असतं, मग इतके दिवस हे म्हातारं शिकवत काय होतं?

“बस खाली,” मी म्हणालो. “साळिंदरा, तू जा.”

साळिंदर माझा लाडका विद्यार्थी. गुंडाळी त्याच्यासारखी कुणाला जमत नव्हती. तो ऐटीत आत गेला, चेंडूपाशी पोचला आणि शिकवलं होतं तस्सा त्याच्याभोवती गुंडाळला गेला. फस्सकन आवाज झाला. जंगलात चेंडू तेवढा एकच. सामना तिथेच संपला.

लानयूने अंगातला सदरा काढला, नीट घडी करून माझ्या हातात दिला. “येते सर,” म्हणाली आणि नदी उतरून गेली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण हाक काही मारली नाही.

पुढच्या वर्षी ती ऊदमांजरांकडून खेळायला आली. आम्हाला पाच गोल मारले. काय मारले म्हणून सांगू! आमचेच लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. साळुंकी धावत माझ्याकडे आली.

“ही मूळची कुणाची शिष्या?”

माझ्या तोंडातून शब्द निघून गेला, “माझी.”

झालं! जंगलाने मला ‘उत्तम गुरू’ ठरवलं. शाल आली, बांबूचा कोवळा कोंब आला, अध्यक्षांचं भाषण झालं. शाल घालायला लानयूलाच बोलावलं होतं. ती आली. शाल घालता घालता हळूच म्हणाली, “सर, त्या दिवशी मला का नाही उतरवलंत?”

तिच्याशी खोटं बोलवेना. “भ्यालो होतो गं,” मी म्हणालो. “तू चांगली खेळशील म्हणून.”

तिचे हात थांबले. “असं होतं होय?” ती म्हणाली. “मी वर्षभर समजत होते, मीच कुठेतरी कमी पडते.”

माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. तिने शालीचं टोक सारखं केलं आणि माझ्याशेजारी उभी राहिली. तिकडे टाळ्या थांबत नव्हत्या. छायाचित्रात मी कृतार्थ दिसतो, असं सगळे म्हणतात.

तात्पर्य : गुणी शिष्य हाती लागला तर त्याला मुळीच खेळवू नये. तो कंटाळून दुसरीकडे जातो, तिथे तुमचं नाव काढतो आणि शाल तुम्हाला मिळते. शिष्याच्या त्या एका वर्षाचं काय, असं ज्यांना विचारायचं असेल, त्यांनी बाकावर जाऊन बसावं.